पोकलेनचे सेन्सर कोड आणि वाडीचे वायरिंगवाले भाऊ: पाचपैकी चार

पाचपैकी चार तारे. एक तारा कुठं गेला ते पुढं सांगतो. पण ज्याच्या पोकलेनच्या मॉनिटरवर या घडीला लाल दिवा लागून आहे आणि हातात तीन-चार सेन्सरचं कोटेशन आहे, त्यानं बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. आधी वाडीला फोन लावा.

दुकान नागपूरच्या अमरावती रोडवर, वाडीत, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गल्लीत. बोर्डावर ना मालकाचं नाव, ना दुकानाचं. 'ऑटो इलेक्ट्रिक, डंपर, पोकलेन, लोडर' एवढंच लिहिलं आहे. शटरच्या आत खोललेले सेल्फ, अल्टरनेटर, वायरची बंडलं आणि एक घरघरणारा पंखा. दुकान पाहून कोणी चाळीस-पन्नास लाखांची मशीन यांच्या हाती देणार नाही. पण मशीन तिथं न्यायचीच नसते, भाऊ साइटवर येतात. आमच्या धंद्यात सगळे त्यांना 'वायरिंगवाले भाऊ' म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.

माझ्याकडे दोन पोकलेन, दोन्ही वीस टनी. एक पाचगावकडच्या गिट्टी खदानीत तासावर चालते. दुसरी मुरूम-भरावाच्या कामावर फिरती, कधी बुटीबोरी, कधी हिंगणा. मशीन कोणत्या कंपनीच्या ते मुद्दाम लिहीत नाही. जिथं कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जास्त दाबानं डिझेल देणारं) आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आला तिथं ही कटकट आलीच, कंपनी कोणतीही असो.

गेल्या उन्हाळ्यात खदानीतल्या मशीनवर एकदम चार दोषाचे कोड आले. बूस्ट (टर्बोनं ढकललेली हवा) प्रेशर सेन्सर, ऑइल प्रेशर सेन्सर, रेल (डिझेलची नळी) प्रेशर सेन्सर, आणि चौथा 'सेन्सर सप्लाय व्होल्टेज कमी'. इंजिननं पॉवर कापली, आरपीएम वर चढेना, भरली बकेट उचलताना मशीन दम टाकायला लागली. ऑपरेटर चावी बंद करून पुन्हा लावायचा, थोडा वेळ बरी चालायची, मग पुन्हा तेच. खाली क्रशर रिकामा फिरत होता आणि क्रशरवाला दर तासाला फोन करून राहिला होता.

अधिकृत सर्व्हिसचा माणूस आला. लॅपटॉप जोडला, कोड छापले, तीन सेन्सरचं कोटेशन दिलं आणि "यानं नाही गेलं तर ईसीएम पाहावा लागेल" एवढं बोलून निघाला. ईसीएमची किंमत ऐकून माझा चहा तसाच राहिला. कोटेशनमध्ये चौथ्या कोडचा उल्लेखच नव्हता. कसा असेल, त्याला पार्ट नंबर नसतो ना.

एका डंपरवाल्यानं वाडीचा नंबर दिला. सकाळी येतो म्हणालेले भाऊ दुपारी आले. (अर्धा तारा इथंच गेला.) आल्याबरोबर लॅपटॉप काढतील असं वाटलं होतं. त्यांनी मला बाजूला ठेवून ऑपरेटरला गाठलं. कोड थंड मशीनवर येतो का गरम झाल्यावर? चालताना का फिरताना? नुकती मशीन धुतली होती का? मधात कोणी सेल्फ, अल्टरनेटर, टर्बो असं काही खोललं होतं का?

ऑपरेटर म्हणाला, "उभी असली का काही नाही. दगडात बकेट घातली, मशीन हादरली का लाइट लागते."

मालकाला फोनवर 'मशीन बंद पडली' इतकंच कळतं. ती कशी बंद पडली हे सीटवर बसणाराच सांगू शकतो, आणि त्याला ते विचारणारा मेकॅनिक मी तोवर पाहिला नव्हता.

मग लॅपटॉप निघाला. माझ्या हेल्परनं उत्साहानं "कोड पुसून पाहू का?" म्हणून विचारलं, तर भाऊ खेकसले. "पुसू नको ना बे! पुसलं का पुरावा गेला." कोणता कोड आत्ता चालू आहे, कोणता जुना, प्रत्येक किती वेळा पडला, सगळं आधी वहीत उतरवून घेतलं. पुढं कनेक्टर काढ-घाल करताना नवे कोड पडतात आणि खरे कोणते, आपण पाडलेले कोणते, हे नंतर कळत नाही.

हे कोड वाचायची एक रीत आहे. ती मला त्या दुपारी पिकअपच्या सावलीत बसून समजली आणि ती कळण्यासाठीच मी हा रिव्ह्यू एवढा लांबवतो आहे. जड वाहनांच्या आणि मशीनच्या बहुतेक इंजिनांत एसएई या अमेरिकी संस्थेनं ठरवलेली जे १९३९ ही पद्धत चालते. त्यात प्रत्येक दोषाला दोन आकडे असतात. पहिला एसपीएन, म्हणजे गोष्ट कोणती: १०० ऑइल प्रेशर, १०२ बूस्ट, ११० कूलंटचं तापमान, १५७ रेल प्रेशर. दुसरा एफएमआय, म्हणजे त्या गोष्टीला झालं काय. काही कंपन्या मॉनिटरवर स्वतःचे कोड दाखवतात, कोमात्सूवर 'सीए'नं सुरू होणारे दिसतात, पण मागचं तर्कशास्त्र तेच.

सगळे लोक पहिला आकडा पाहून धावतात. ऑइल प्रेशर दिसलं, घ्या ऑइल प्रेशर सेन्सर. भाऊ आधी दुसरा पाहतात. एफएमआय ३ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज हवं त्याहून जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट उघडं. हे आकडे आले की भानगड विजेची: वायर, कनेक्टर किंवा सेन्सर. इंजिनला हात लावायचा नाही. याउलट ० किंवा १ आला, किंवा १५ ते १८ पैकी काही आलं, तर सेन्सर नीट काम करतो आहे आणि इंजिनमध्ये खरंच काहीतरी बिघडलं आहे. तिथं सेन्सर बदलवणं म्हणजे पैसे नाल्यात. आणि २ आला, म्हणजे रीडिंग उड्या मारतं आहे, तर ढिली पिन नाहीतर घासलेली वायर शोधायला लागायचं.

माझ्या तिन्ही सेन्सरवर एफएमआय ४ होता.

हे सेन्सर तीन वायरचे असतात: एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या मधात राहायला हवा. ती पाच व्होल्टची लाइन ईसीएममधून निघते आणि बरेचदा दोन-तीन सेन्सरांना मिळून एकच असते. एका टाकीवर तीन घरांची पाइपलाइन समजा. मधात कुठं पाइप फुटला की तिन्ही घरांचे नळ कोरडे, आणि आपण मात्र तिन्ही घरचे नळ बदलवत बसतो. तीन सेन्सर एकाच दुपारी मरत नाहीत, हे भाऊंनी कोटेशन पाहूनच सांगितलं होतं. चौथा कोड, ज्याला पार्ट नंबर नव्हता, तोच सगळ्यांचा बाप होता.

चावी ऑन, इंजिन बंद ठेवून त्यांनी आधी लॅपटॉपवर रीडिंग पाहिली. हे कोणीही करू शकतो आणि फुकट आहे. इंजिन बंद असताना ऑइल प्रेशर शून्य दिसायला पाहिजे. बूस्टचा सेन्सर ॲब्सोल्यूट दाब दाखवणारा असेल तर तिथं बाहेरच्या हवेचा दाब दिसतो, म्हणजे आपल्या नागपुरात शंभर किलोपास्कलच्या थोडं खाली. सकाळी थंड मशीनवर कूलंट, इनटेकची हवा आणि डिझेल यांची तापमानं जवळपास सारखी पाहिजेत. मे महिन्यातल्या सकाळी दोन ठिकाणी तीस-बत्तीस आणि तिसऱ्या ठिकाणी उणे चाळीस दिसलं, तर नागपुरात बर्फ पडलेला नाही, त्या सेन्सरची वायर तुटली आहे.

उभ्या मशीनवर सगळं ठीक होतं, पाच व्होल्ट पक्के. मग भाऊंनी बूस्ट सेन्सरच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूनं बारीक पिन सरकवली. वायरला टोचा मारत नाहीत ते. टोच्यातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तीच वायर हिरवी पडते. मीटरच्या लांब वायरी केबिनपर्यंत नेल्या, मीटर सर्वांत कमी आकडा धरून ठेवण्यावर लावला आणि ऑपरेटरला म्हणाले, "चाल, घाल दगडात." दोन-चार बकेटांत पाचाचा आकडा दीडच्या खाली आपटला आणि नशिबानं तिथंच धरून राहिला.

मग एकेक सेन्सरचा कनेक्टर काढला. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असता तर तो काढताच पाच व्होल्ट परत आले असते. पहिला काढला, नाही. दुसरा, नाही. तिसरा काढला तरी नाही. तिन्ही सेन्सर सुटलेले आणि लाइन तरीही खाली, म्हणजे तिन्ही निर्दोष. चावी बंद करून, ईसीएमचा कनेक्टर काढून त्या वायरचा बॉडीशी रेझिस्टन्स मोजला तर शून्याच्या जवळ. वायर कुठंतरी लोखंडाला चिकटली होती.

ती सापडली इंजिनच्या मागच्या अंगाला, सेल्फच्या वर. कधीतरी सेल्फ खोलताना हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, क्लिप निघाली होती आणि ती पुन्हा कोणी बसवली नव्हती. अख्खा हार्नेस एका ब्रॅकेटच्या धारेवर घासत होता. वरची नळी फाटली, मग टेप, मग आतलं इन्सुलेशन, आणि शेवटी तांबं. मशीन हादरली की तांबं ब्रॅकेटला टेकायचं. एक क्लिप. बाजारात तिची किंमत तिथं प्यायलेल्या चहापेक्षा जास्त नसेल.

जोड कसा दिला तेही लिहितो, कारण माणसाची लायकी इथं कळते. पिळून टेप गुंडाळली नाही. खराब तुकडा कापून टाकला, क्रिम्पचा जोड दिला, वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवून तापवली. शेजारच्या वायरी खरचटल्या होत्या, त्यांचे जोड एकाच जागी न देता मागं-पुढं दिले, म्हणजे तिथं गाठ होत नाही. नवी नळी, नवी क्लिप, आणि ब्रॅकेटची धार कानशीनं घासून बोथट केली. मग कोड पुसले, मशीन अंधार पडेस्तोवर चालवून पाहिली आणि मगच पैसे घेतले. वाडी-पाचगाव येण्याजाण्यासह साडेतीन हजार. कोटेशन फाडलं नाही, फाइलला लावून ठेवलं आहे.

त्यानंतर दोन्ही मशीनवर छोटी-मोठी कामं झाली, ती थोडक्यात.

फिरत्या मशीनवर कूलंट तापमानाचा कोड आला, एफएमआय शून्य. आमच्या ओळखीतल्या एका मिस्त्रीनं सेन्सरच्या जागी रेझिस्टन्स लावून मॉनिटरला फसवायचा सल्ला दिला होता. हा जुगाड विदर्भात सर्रास चालतो आणि मग हेड उचलायची पाळी येते. भाऊंना नुसतं विचारून पाहिलं तर म्हणाले, "ते सेन्सर खरं बोलून राहिलं, त्याचं तोंड कायले बांधता?" इन्फ्रारेड थर्मामीटरनं थर्मोस्टॅट हाउसिंगचं तापमान घेतलं, ते मॉनिटरशी जुळलं. म्हणजे इंजिन खरंच उकळत होतं. बाहेर पंचेचाळीसच्या वर ऊन, आणि रेडिएटरच्या जाळीत मुरमाची धूळ ऑइलसोबत बसून थापी झालेली. कॉम्प्रेसरची हवा पंख्याच्या बाजूनं बाहेर मारून जाळी साफ केली. त्यात विजेचं काम काहीच नव्हतं, फक्त येण्याचे पैसे घेतले.

पावसाळ्यात रेल प्रेशर कमी असल्याचा कोड आला तेव्हा तर ते आलेच नाहीत. व्हॉट्सॲपवर मॉनिटरचा फोटो पाहून म्हणाले, आधी वॉटर सेपरेटर रिकामा करा आणि फिल्टर बदलवा, मग सांगा. सेपरेटरमधून पाणीच पाणी निघालं. ड्रम उघड्यावर उभा होता, झाकणावर पावसाचं पाणी साचून आत झिरपत होतं. आता ड्रम शेडमध्ये आडवा असतो. या सल्ल्याचे त्यांनी काही घेतले नाहीत.

एकदा मॉनिटर आणि ईसीएमचं बोलणंच बंद झालं. तेव्हा बॅटरी तोडून, नऊ पिनी डायग्नोस्टिक सॉकेटच्या सी आणि डी पिनमध्ये ओहम मोजताना मी पाहिलं. कॅन लाइनच्या, म्हणजे मॉनिटर आणि ईसीएम ज्या वायरींवर बोलतात त्यांच्या, दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही मिळून ६० दिसायला पाहिजेत. १२० दिसले, म्हणजे एक टोक सुटलेलं. केबिनच्या सीटमागं पाणी जाऊन एका कनेक्टरची पिन गंजली होती. जाता जाता त्यांची नजर हेल्परवर पडली, तो बॅटरी जोडलेली ठेवून बकेटच्या दातांना वेल्डिंग करत होता. मग जे भाषण झालं ते इथं छापण्यासारखं नाही, पण मुद्दा बरोबर होता: आधी बॅटरी कट-ऑफ, आणि वेल्डिंगची अर्थ वायर वेल्डिंगच्या जवळच. ट्रॅकला अर्थ लावून बकेटला टाका मारला तर करंट अख्ख्या मशीनमधून वाट काढत जातो.

आता तक्रारी. वेळ पाळत नाहीत, हे झालंच. लिहून काही देत नाहीत. त्यांच्या वहीत सगळं असतं, कोड, व्होल्टेज, ओहम, पण मालकाच्या हाती कागद नाही. मशीन उद्या विकायची असेल किंवा वॉरंटीवाल्याशी भांडायचं असेल तर हा कागद कामाचा असतो. मी वहीच्या पानाचा फोटो काढून घेतो, तुम्हीही घ्या. जीएसटी बिल नाही, त्यामुळं मोठ्या कंपनीच्या साइटवर त्यांना बोलावलं तर खर्च दाखवताना अकाउंटंट नाक मुरडतो. आणि तोंड फटकळ आहे. ऑपरेटर नवखा असेल तर घाबरतो.

त्यांच्याकडून होणार नाही अशीही कामं आहेत आणि ती ते स्वतःच सांगतात. ईसीएममध्ये नवा प्रोग्रॅम टाकणं, नव्या इंजेक्टरचे कोड भरणं, यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. तिथं डीलरकडेच जावं लागतं आणि डीलर ते काम नीट करतो, याबद्दल माझी तक्रार नाही. वॉरंटीतली मशीन असेल तर हार्नेसला बाहेरच्या माणसाचा हात लावूच देऊ नका, भाऊसुद्धा लावत नाहीत.

काही जण विचारतात, ऑनलाइन मिळणारा छोटा स्कॅनर घेतला तर? कारचा सोळा पिनी स्कॅनर पोकलेनच्या कामाचा नाही. नऊ पिनी, चोवीस व्होल्टला चालणारा घेतला तर जे १९३९ चे सर्वसाधारण कोड वाचता येतात, कंपनीचे खास कोड बरेचदा येत नाहीत. मी एक घेतला आहे. त्याचा उपयोग इतकाच, की भाऊंना फोन करताना एसपीएन आणि एफएमआय दोन्ही सांगता येतात आणि ते 'येतो' म्हणतील का 'फिल्टर बदलव' म्हणतील ते लगेच ठरतं. एका स्कॅनरच्या पैशात चांगला मल्टिमीटर येतो. दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल तर मीटर घ्या.

बोलवायचं असेल तर सकाळी नऊच्या आत फोन करा, नंतर ते कोणत्या ना कोणत्या बॉनेटखाली असतात आणि उचलत नाहीत. मॉनिटरचा फोटो आधी पाठवा, कोड पुसू नका, बॅटरी चार्ज असू द्या आणि ज्या ऑपरेटरच्या हाती मशीन बंद पडली त्यालाच साइटवर थांबवा. दुसऱ्या पाळीचा माणूस उभा केला तर ते त्याला काही विचारू शकत नाहीत आणि मग ऐकून तुम्हालाच घ्यावं लागतं.

फिरत्या मशीनचा अख्खा हार्नेस पावसाळ्याआधी तपासून सुटलेल्या क्लिपा बसवायला काय घ्याल, असं मी गेल्या आठवड्यात विचारलं. भाव सांगितला नाही. "आधी पाहू तर द्या," म्हणाले.